परळची बैठक, कऱ्हाकाठची विहीर

विहिरीत पाणी किती आहे हे काढण्याचे गणित आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५. मापे मीटरमध्ये घेतली की उत्तर लिटरमध्ये येते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर. मग त्याला टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, किती लागेल ते पाहायचे. त्यासाठी हॉरॉक्सची पेटी: सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन ग्रॅमचा चमचा. ज्या कपाला पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येईल त्याचा क्रमांक बघायचा. तिसरा असेल तर ४५५ लिटरला सहा ग्रॅम. पावडर टाकल्यावर तासभर पाणी उपसू द्यायचे नाही, नंतर ओटी टेस्ट. पाणी पिवळे झाले की क्लोरिन उतरला.

मोरगाव-सुपे-लोणी भापकर हा बारामती तालुक्याचा जिरायती पट्टा. कालव्याचे पाणी नीरेकाठच्या गावांना मिळाले; आमच्या वाट्याला कऱ्हा, विहिरी आणि टँकर. माझी नोकरी याच गावांत गेली. पावसाळ्याआधी पंचायत समितीच्या सभागृहात साथरोगांची कार्यशाळा व्हायची. फळ्यावर तेच ७८५ लिहिले जायचे. हे गणित, ही पेटी, ही पावडर आमच्यापर्यंत आली कुठून, याचा शोध मी निवृत्तीनंतर घेतला. त्यातून जो इतिहास हाती लागला त्यात यात्रेकरू सतत भेटतो. मोरगावकराला तो कसा चुकेल?

मयूरेश्वर अष्टविनायकांतला पहिला. भाद्रपद आणि माघ, अशा दोन मोठ्या यात्रा. चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी येते, मुक्तद्वार दर्शन असते, कऱ्हेवर स्नान होते. भाद्रपदात नदीला निदान पाणी असायचे. माघात डोह उरायचे, आणि वाळूत झिरा खणून वाटीने पाणी भरावे लागायचे. हजारो माणसे, एकच नदी. त्याच पाण्यात आंघोळ आणि तेच प्यायला. पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, आणखी काय हवे? आपल्याकडे किती गावांच्या वेशीवर मरीआई बसली आहे ते पाहिले की त्या भीतीची खोली कळते.

१८६५ साली मक्केच्या हज यात्रेतून पटकी युरोपात पोचली आणि तिथली सरकारे हादरली. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पटकीचे घर हिंदुस्थान आणि तिच्या फैलावाचे सर्वांत मोठे साधन म्हणजे तीर्थयात्रा, असे त्या परिषदेने मांडले. यात्रांमुळे साथ पसरते हे खरेच होते. पण परिषदेत यात्रेकरू आरोपी म्हणून उभा राहिला, तहानलेला माणूस म्हणून नाही. त्याला शुद्ध पाणी कोण देणार, हा प्रश्न मागे पडला. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त कनिंगहॅम तर पटकी माणसाकडून माणसाला होते हेच नाकारत राहिले. जर्मन शास्त्रज्ञ कॉख १८८४ मध्ये कलकत्त्याला पटकीचा जंतू दाखवून गेला, तरी त्यांनी मत बदलले नाही. विलग्नवास म्हणजे व्यापाराला अडथळा, आणि साम्राज्याला तो परवडणारा नव्हता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि चालढकलीला जागा उरली नाही. जंतुशास्त्रज्ञ हाफकिनने १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्याची प्रयोगशाळा सुरू झाली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

१३ आणि १४ नोव्हेंबर १९११ रोजी मुंबईत पहिली अखिल भारतीय आरोग्य परिषद भरली. पंचम जॉर्ज बादशहा अपोलो बंदरावर उतरायला तीन आठवडेही उरले नव्हते. शहराचे लक्ष तिकडे. परिषद संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, १५ नोव्हेंबरला, परळच्या त्याच प्लेग प्रयोगशाळेत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले सर हारकोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली, वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या नियामक मंडळाची पहिली बैठक झाली. माझ्या मते त्या वर्षाची खरी मोठी घटना ही बैठक. दिल्लीचा दरबार नव्हे. १९४९ मध्ये याच असोसिएशनची आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, झाली. १९११ नंतरच्या काही वर्षांत सरकारने तीर्थक्षेत्रांच्या स्वच्छतेची पाहणी करायला प्रांतोप्रांती पिलग्रिम कमिट्या नेमल्या, मुंबई इलाख्यातही नेमली. यात्रेकरूच्या पाण्याकडे अखेर कोणीतरी वाकून पाहिले.

हॉरॉक्सची पेटी पहिल्या महायुद्धातली. ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांनी सैनिकांच्या पाण्यासाठी ती वापरात आणली, आणि आमच्या जिल्हा परिषदांनी ती विहिरीवर नेली. दुहेरी मडक्याची युक्ती मात्र आपल्या नागपूरची, १९५८ साली सुरू झालेल्या आणि आता नीरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची. एक किलो ब्लिचिंग पावडर, दोन किलो जाड वाळू, मडक्यात मडके, दोन्हींना भोक. पाण्याखाली मीटरभर सोडले की घरगुती विहीर दोन-तीन आठवडे शुद्ध राहते. कुंभाराच्या आव्यातून निघणाऱ्या वस्तूने विज्ञान दारात आणले, म्हणून मला या शोधाचे फार मोल वाटते.

परळच्या बैठकीचा धागा आमच्या शेजारापर्यंत येतो. पुण्याची विषाणू संस्था १९५२ मध्ये आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशनने सुरू केली. जुलै २०२१ मध्ये जेजुरीजवळच्या बेलसरला तापाची साथ आली, तेव्हा त्या संस्थेच्या पथकाने त्या भागात जाऊन ४१ जणांचे रक्त घेतले. २५ जणांना चिकुनगुनिया, तिघांना डेंग्यू आणि एका महिलेला झिका निघाला. राज्यातली ती पहिली नोंद. काही दिवसांतच निदान गावाला कळले, घरोघर पाण्याची भांडी तपासली गेली, साठे रिकामे झाले. संशोधन असे हवे.

सगळीकडे तसे होत नाही, हे मी पाहिले आहे. एका संस्थेची मंडळी आमच्या भागात येऊन विहिरींचे नमुने नेऊन गेली. लोकांनी त्यांना चहा पाजला, दोर-बादल्या दिल्या. त्या नमुन्यांत काय निघाले ते ज्यांच्या विहिरी त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. निष्कर्ष एखाद्या परिषदेत वाचले गेले असतीलच. वाडीवरची बाई मात्र आजही विचारते, ‘भाऊ, त्या पाण्याचं काय झालं?’

म्हणून माझे म्हणणे एवढेच. पर्यावरण आणि आरोग्यावरच्या परिषदा जरूर भराव्यात, पण ज्या गावाचे पाणी, रक्त किंवा माती तपासली त्या गावच्या ग्रामसभेत निष्कर्ष आधी मराठीतून सांगितले जावेत, आणि निधी देणाऱ्यांनी ही अट लेखी घालावी. याची सुरुवात करायला मोरगाव चांगली जागा आहे. अष्टविनायकाची वाट इथून सुरू होते, आणि दुष्काळावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था २००९ पासून याच तालुक्यात माळेगावला आहे.

तोवर वाचकांनी एक करावे. पाण्याच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. लाल असेल तर कारण विचारा, आणि पुढच्या यात्रेआधी जलसुरक्षकाला तुमच्या समोर ओटी टेस्ट करायला सांगा.