पदवीनंतर हैदराबादचं उर्दू विद्यापीठ : जाण्याआधी काय पाहावं

पदवीनंतर पुढं काय, हा प्रश्न आता दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावातही घरोघरी विचारला जातो. पुण्या-मुंबईची नावं लगेच निघतात. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचं, म्हणजे 'मानू'चं नाव मात्र क्वचित निघतं.

संसदेच्या कायद्यानं १९९८ साली स्थापन झालेलं हे केंद्रीय विद्यापीठ गच्चीबावली भागात आहे. उर्दू, अरबी, इस्लामी अभ्यास तर आहेतच. पण समाजकार्य, पत्रकारिता, वाणिज्य, गणित, एमबीए, एमसीए, एम.एड.सुद्धा आहे. "उर्दूत फक्त शायरी" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगू, की याच शहरात १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवली जात होती.

प्रवेशाची खरी किल्ली वेगळीच आहे. दहावी, बारावी किंवा पदवी यांपैकी कुठंतरी उर्दू माध्यम असावं लागतं, नाहीतर उर्दू हा विषय घेतलेला असावा लागतो. मान्यताप्राप्त मदरशांच्या काही सनदाही चालतात. आपल्याकडं बरीच मुलं सातवीपर्यंत उर्दू शाळेत असतात आणि आठवीला मराठी किंवा इंग्रजी माध्यमात जातात. माध्यम बदलायला आमची हरकत नाही. मात्र उर्दू विषयही सुटला, तर गुणपत्रिकेवर तो कुठंच दिसत नाही आणि घरी उर्दू वाचता येऊनही मूल अपात्र ठरतं. त्यामुळं वालिदैननी हे आठवीतच पाहायला हवं, बी.ए. झाल्यावर उपाय फार थोडे उरतात.

कागदपत्रांत आपली मुलं हमखास अडकतात. ओबीसी सवलत हवी असेल तर राज्याचा दाखला पुरत नाही, केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी बघावं. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात तिथं असेलच असं नाही. नाशिक जिल्ह्यातली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली, त्यामुळं मायग्रेशन सर्टिफिकेट तिथून काढावं लागतं. अर्ज निकाल लागताच टाकावा. आणि नाव! आधारवर 'शेख', गुणपत्रिकेवर 'शैख', असं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

एमबीए, एमसीए, एम.एड.ला प्रवेश परीक्षा असते, बऱ्याच एम.ए.ना गुणांवर प्रवेश मिळतो. मुलींसाठी वसतिगृह आहे, पण प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळालीच असं धरून चालू नये. दोन्हीची चौकशी वेगवेगळी करावी. घर सोडणं जमत नसेल तर मानूचं दूरशिक्षणही आहे, त्याचं प्रादेशिक केंद्र मुंबईत आहे. पुढं पीएच.डी.चा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या : मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. आता नेट-जेआरएफची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच धरावी लागते.

जायला नाशिकरोडहून देवगिरी एक्सप्रेस आहे.