नांगर आणि कुरण

पिकाऊ शेताचें कुरण करावें कीं करूं नये, हा प्रश्न निघाला म्हणजे इंग्रजी इतिहास पढलेल्या आम्हां लोकांना प्रथम इंग्लंड आठवतें. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तेथें लोकरीला भाव आला आणि जमीनदारांनीं कुंपणें घालून मेंढ्या सोडल्या. जेथें कित्येक कुटुंबें राबत तेथें एक धनगर पुरेसा झाला. १४८९ मध्यें पार्लमेंटनें गांवें ओसाड पाडण्याविरुद्ध कायदा केला. १५१७ मध्यें वुल्सीनें चौकशी मंडळ नेमलें. १५४९ मध्यें नॉर्फोकचे शेतकरी रॉबर्ट केटच्या नेतृत्वाखालीं नॉरिचवर चालून गेले. मौज ही, कीं केट स्वतः कुंपणें घालणाऱ्यांपैकींच! लोक तीं मोडावयास आले तेव्हां तो त्यांनाच मिळाला. शेवटीं त्याला फांशी झाली, कुंपणें राहिलीं.

वर्गांत हा भाग शिकवितांना मी अनेक वर्षें येथेंच थांबत असें. कुरण म्हणजे गरिबाची हकालपट्टी, असें समीकरण मुलांच्या वह्यांत उतरे. पुढें डेन्मार्कचा इतिहास वाचनांत आला, तेव्हां तें माझें मलाच खोडावें लागलें.

डेन्मार्क हा इंग्लंडला धान्य विकणारा देश. १८७० नंतर आगगाड्या व आगबोटी यांमुळें अमेरिकेचें स्वस्त धान्य युरोपांत ओतूं लागलें, आणि भाव कोसळले. जर्मनीनें १८७९ मध्यें जकात बसविली. परंतु ज्याचें गिऱ्हाईक परदेशीं, त्याला जकातीची भिंत काय कामाची? तेव्हां गाय पाळणें हाच मार्ग उरला. पण चार-पांच गाईंच्या धन्याची जमीन ती केवढी! ती सारी गवताला सोडली तर पोट भरत नाहीं, आणि घरगुती लोण्याला भाव नाहीं. त्यानें नांगर सोडला नाहीं. शेतांतलें जव, ओट व कंदमुळें बाजाराऐवजीं गोठ्यांत नेलीं. त्यामुळें गाय हिवाळ्यांतही दूध देऊं लागली. दूध वेगानें गरगर फिरवून साय निराळी काढणारें यंत्र याच सुमारास निघालें, म्हणून अनेक घरचें दूध एकत्र करणें शक्य झालें. १८८२ मध्यें जटलंडांतील येडिंग गांवीं शेतकऱ्यांनीं पहिली सहकारी डेअरी काढली. साय काढलेलें दूध घरीं परत येई व तें डुकरांना घालीत. १८८७ मध्यें हॉर्सेन्स येथें डुकरांच्या मांसाचाही सहकारी कारखाना निघाला.

या मंडळ्यांत मतें मोजीत तीं माणसांचीं, गाईंचीं नव्हेत. एका गाईच्या मजुराला मोठ्या शेतकऱ्याइतकेंच मत. घरखर्चापुरतें ठेवून बाकी सर्व दूध डेअरीलाच घालण्याचा करार असे, आणि कर्जाला सर्वजण मिळून व एकेकटेही जबाबदार. म्हणजे शेजारी बुडाला तर त्याचा भार आपल्या शेतावर. हें ठाऊक असूनही त्यांनीं सह्या केल्या.