आडवी पोथी, उभा फोन

लवासाला जाऊन लोक वरसगाव धरणाचे पाणी पाहतात. आम्ही दासव्याच्या काठावर बसून दोन तास एक फोन उभा-आडवा करीत होतो. कारण आमचा भाचा. तो मोबाइलची अ‍ॅप तयार करतो. त्याने मामीसाठी, म्हणजे आमच्या हिच्यासाठी, श्रीधरांच्या ‘हरिविजया’चे अ‍ॅप केले होते.

‘हरिविजय’ 1702 सालचा, अध्याय छत्तीस. रोज एक वाचायचा हा हिचा लग्नाआधीपासूनचा नेम. पण डोळ्यांनी असहकार पुकारला आणि नेम मोडायची वेळ आली. म्हणून ही सोय : फोन आडवा धरला की ठसठशीत ओव्या, अर्थ हवा असेल तर फोन उभा करायचा.

ही अर्थ बघून परत आली, तो अध्याय पुन्हा पहिल्या ओवीवर!

“अहो, मी कुठवर आले होते?”

“लवासापर्यंत,” मी म्हणालो. हा विनोद त्या दिवशी चालला नाही. हिचे डोळे भरून आले होते.

भाचा कळवळून शास्त्र सांगू लागला. फोनच्या पोटात गुरुत्वाकर्षण ओळखणारा एक चिमुकला भाग असतो. 2007 च्या आयफोनने तो घरोघर पोचवला. (फोन टेबलावर सपाट ठेवला, तर मात्र त्याचाही गोंधळ उडतो.) अँड्रॉइड फोनमध्ये तर पान नुसते वळत नाही; एरवी ते मोडून नवे बांधले जाते, आणि जाताना जेवढे जपून ठेवायला सांगितले असेल, तेवढेच नव्या पानाच्या हाती पडते. मोडल्यावर बांधकाम मध्येच राहिले, तर काय दिसते ते समोर डोंगरउतारावरच्या अर्धवट इमारती सांगतच होत्या.

आता, हे उभे-आडवे फोनने आणले असे कोणी समजू नये. ताडपत्र लांबट आणि अरुंद, म्हणून पोथी आडवी. पुढे कागद आला, छापखाना आला. तरी सुट्या पानांच्या आडव्या पोथ्या निघतच राहिल्या. शिवलेले पुस्तक तेवढे उभे राहिले. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा कागदही उभा, अरुंद. मजकूर वाढला की खाली आणखी एक बंद चिकटवायचा. आपण अंगठ्याने फोन वर सरकवतो ते दुसरे काय आहे? झेरॉक्सच्या 1973 सालच्या आल्टो संगणकाचा पडदाही कागदासारखा उभाच होता. सिनेमाचा मात्र पहिल्यापासून आडवा. फोनला बिचाऱ्याला दोन्ही घराण्यांचा वारसा सांभाळावा लागतो.

भाच्याने तिथेच दुरुस्ती केली. पान किती सरकले होते, ते अंतर त्याने जपून ठेवले. ही परत आली ती बारा ओव्या पुढे! उभ्या पानावरचे चार अंगुळे म्हणजे आडव्या पानावरचे चार अंगुळे नव्हेत, हे माझ्याही ध्यानात आले.

मग ही म्हणाली, “आमच्या सासूबाई पोथी वाचताना दूध उतू जायला लागलं, की ओवीवर तुळशीचं पान ठेवून उठायच्या. अंतर कसलं मोजतोस? ओवीला आकडा नाही का?”

भाचा माझ्याकडे बघत राहिला. पोथी लिहिणाऱ्यांनी प्रत्येक ओवीला आकडा घातला, तो शोभेसाठी नव्हता तर! त्याने अंतर टाकले आणि ओवीचा आकडा जपला. फोन उभा केला, आडवा केला, पुन्हा उभा केला. ओवी जागची हलली नाही. ही पुढचे वाचू लागली, आणि मी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. रूप पालटले तरी चालेल, जागा हरवता कामा नये.

निघताना भाच्याने फोटोसाठी फोन उभा धरला. पोथीतून मान वर न काढता ही म्हणाली, “आडवा धर रे. उभ्यात मामा मावायचे नाहीत.”