चांद्याच्या रानातला सेनापती

भामरागडच्या पुलावर उभे राहा. खालून पर्लकोटा वाहते आहे. थोडं पुढे पामुलगौतमी आणि इंद्रावती तिला भेटतात. दर पावसाळ्यात बातमी येते की पर्लकोटेला पूर आला, भामरागडचा संपर्क तुटला. आता पूल काढून टाका. मोबाइलचा टॉवर, पोलीस ठाणं, हेमलकशाचा फाटा, सगळं पुसा. १८५८ चा मार्च लागला आहे आणि तुटायला मुळात संपर्कच नाही. हे अहेरी जमीनदारीचं दूरचं टोक. इथल्या माडियांशी तुमची मराठी चालणार नाही. 'जोहार' म्हणा, तेवढ्यावर भागेल.

पहाट आहे. मोहाची फुलं टपटप पडताहेत. ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून ठेवलेला. त्या काळ्या राखेवर पिवळसर, रसरशीत फुलं लगेच नजरेत भरतात. बाया टोपल्या घेऊन वाकल्या आहेत. कोणी खांद्यावरचा भोपळ्याचा तुंबा पुढे करील, तर घोटभर आंबील पिऊन घ्या. या दिवसांत रानात माणूस उपाशी मरत नाही, हे ध्यानात ठेवा. ज्याला इथे सैन्य पोसायचं आहे त्याने ते ठेवलेलंच आहे.

त्याला गाठायचं तर वायव्येला चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, सरकावं लागेल. पायी गेलात तर बरेच दिवस जातील; पण काळ ओलांडलात तिथे अंतराचं काय! १३ मार्च, नांदगाव घोसरी. हा किष्टापूरचा बाबूराव शेडमाके, मोलमपल्लीच्या गोंड जमीनदाराचा मुलगा. रायपूरला शिकून आलेला. कालच त्याला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. गेल्या सप्टेंबरात त्याने जंगोम सेना उभारली, पाचशेएक तरुणांची, असं सांगतात. राजगडचा परगणा त्याने काही दिवसांपूर्वीच घेतला आणि म्हणून चांद्याहून डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनची फौज चालून आली आहे. तिच्याशी पहिली उघड लढाई इथे होते. आडोसा बघून खाली बसा. तीर-कमठे, भाले, टंग्या आणि थोड्याफार तोड्याच्या बंदुका एवढ्या भांडवलावर ही माणसं कंपनी सरकारच्या फौजेशी भिडतात, आणि मागे हटावं लागतं ते फौजेला.

पण त्याची खरी अक्कल बघायची तर गढीसुर्ल्याच्या टेकडीवर चढा. तिथे त्याने ठाण मांडलं आहे. फौज पायथ्याशी आली की वरून धोंडे सुटतात. धोंड्याला दारूगोळा लागत नाही आणि नेमही फारसा लागत नाही. माणसासारखा माणूस कोसळताना बघून अंगावर काटा येईल, तरी नजर हटवू नका. सेनापती जागा निवडतो म्हणजे काय करतो, ते इथे दिसतं.

तेच उलट बाजूने बघायचं तर चाळीस वर्षं मागे, १८१८ च्या मे महिन्यात, चांद्याच्या परकोटावर क्षणभर उतरा. गोंड राजांनी बांधलेला केवढा तो दगडी कोट! इंग्रजांच्या तोफांनी त्याला खिंडार पाडलं, पलटणी आत घुसल्या आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. भिंत म्हटली की तोफेला नेम धरायला जागा मिळते. बाबूराव भिंतींच्या वाटेला जातच नाही. हळूहळू तो दक्षिणेला, दाट रानाकडे सरकतो आणि पाठलाग करणारे आपोआप त्याच्या मुलखात ओढले जातात. सगनापूर, बामनपेठ ही एप्रिलमधली ठिकाणं त्या वाटेवरची. आडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव आता त्याच्या जोडीला आहे. इंग्रजी अंमल या लोकांच्या अंगवळणी पडलेलाच नाही. नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा होऊन जेमतेम चार वर्षं झाली आहेत.

आता २९ एप्रिल, प्राणहितेच्या काठचं चिंचगुडी. रात्र. तारखात्याची छावणी आहे. पळापळ, आरडाओरडा, जळत्या कापडाचा वास. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले जातात, तिसरा पीटर अंधारात निसटतो आणि क्रिक्टनपर्यंत पोहोचतो. मारले गेलेले सैनिक नव्हते, तारेच्या कामावरचे नोकर होते. ते पाहून तुम्हाला बरं वाटणार नाही आणि वाटूही नये. सेनापती म्हणून बाबूरावाचा हिशेबही माझ्या मते इथे चुकला. आतापर्यंतचं सगळं जिल्ह्यातला दंगा म्हणून निभावलं असतं. दोन गोरे पडल्यावर सरकारची अब्रू पणाला लागली. मेरठपासून झाशीपर्यंत देश पेटलेला असताना मागून दक्षिणेकडची तार तुटणं त्यांना परवडणारं नव्हतं. शेडमाक्याला धरून देणाऱ्यास हजार रुपयांचं बक्षीस जाहीर झालं.

क्रिक्टन मात्र रान तुडवत बसला नाही, आणि तेच त्याचं डोकं. त्याने डाव टाकला अहेरीत. तिथल्या जमीनदारीण लक्ष्मीबाई. त्यांच्यावर दडपण आलं: बंडखोर तुमच्या मुलखात, तेव्हा जबाबदारीही तुमची. वाड्यासमोर उभे राहून त्यांना दगाबाज म्हणणं सोपं आहे. एका जमीनदारीच्या वतीने त्या गणित मांडत होत्या, आणि त्याचं फळ त्यांच्या पदरात पडलं. कोणती पायवाट कुठे निघते, कोणत्या गावात कोणाचे सोयरे, हे इंग्रजांच्या नकाशात नव्हतं. अहेरीच्या माणसांना तोंडपाठ होतं. तोफेने जे झालं नाही ते या माहितीने झालं.

पावसाळाभर रान बाबूरावाला झाकतं. भोपालपटनमला लक्ष्मीबाईंच्या रोहिल्यांनी त्याला धरलं आणि तिथूनही तो निसटला, असं सांगतात. १८ सप्टेंबरला मात्र सुटका नाही.

२१ ऑक्टोबर १८५८, चांद्याचं कारागृह, पिंपळाचं झाड. राजगडपासून फाशीपर्यंत सगळं साडेसात महिन्यांत. दोर तीनदा तुटला, अशी दंतकथा पुढे गोंडांच्या घराघरांत सांगितली जाईल. तुम्ही तिथे उभे आहात, काय पाहिलंत ते तुमच्यापाशी. त्या झाडाखाली अजूनही दर २१ ऑक्टोबरला माणसं जमतात. पोस्ट खात्याने २००९ साली बाबूरावाचं तिकीट काढलं.

निघण्याआधी अहेरीला एकदा डोकावा. बंडखोरांच्या जप्त जमीनदारीतली गावं लक्ष्मीबाईंच्या नावे लागताहेत. व्यंकटराव मात्र सापडलेला नाही. इंद्रावतीपलीकडे तो बस्तरात उतरला आहे आणि १८६० मध्ये बस्तरचा राजा त्याला धरून देईपर्यंत इंग्रजांना त्याची वाट बघायची आहे. त्याला फाशी नाही, जन्मठेप होईल.