कर्ब, उदक आणि वाफसा

बारामतीजवळच्या पिंपळीत, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, ऊस रोजच्या बोलण्यातला. त्यातल्या साखरेला पाठ्यपुस्तक ‘कर्बोदक’ म्हणतं: कर्ब अधिक उदक. ‘कार्बन’ला मराठी वळण देऊन कर्ब झाला, उदक संस्कृतातलं. हिशेबही जुळतो. उसाच्या साखरेच्या एका रेणूत कर्बाचे 12 अणू, आणि उरलेला हायड्रोजन-ऑक्सिजन बरोबर पाण्याच्या 11 रेणूंइतका. इतका चोख शब्द घडवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

तरी त्यातलं उदक म्हणजे तसंच्या तसं पाणी नव्हे. उन्हाच्या बळावर पान पाणी फोडतं, हायड्रोजन ठेवतं आणि ऑक्सिजन सोडून देतं. रुबेन आणि केमन या शास्त्रज्ञांनी 1941 साली जड ऑक्सिजनचा माग काढून हे दाखवलं. साखरेतला ऑक्सिजन येतो तो कर्बवायूतून, म्हणजे कार्बन डायऑक्साइडमधून. गंमत अशी, की ‘साखर’ ज्या ‘शर्करा’पासून आली तिचा जुना अर्थ खडे, वाळू. नाव मातीतलं, माल मात्र हवेपाण्याचा. नत्र, स्फुरद, पालाश तिच्या रेणूत नाहीतच.

ऑक्सिजनला आपण ‘प्राणवायू’ म्हणतो. आयुर्वेदातल्या पंचप्राणांपैकी एकाचं हे नाव, रसायनशास्त्राने उचललेलं. त्यामुळे झाडं प्राणवायू फक्त देतात असा समज पक्का होतो. खरं तर ती तो घेतातही, रात्रंदिवस, आणि मुळं तर घेतच राहतात. ही गोष्ट शेतकऱ्याच्या ‘वाफसा’ या शब्दात केव्हाची आहे. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, बोटाने ढकलला तर फुटावा: कणांमधल्या जागेत पाणीही आहे आणि हवाही. पाणी साचलं की हवा हटते, मुळांना साखर जाळून शक्ती मिळवता येत नाही आणि ऊस पिवळा पडतो. तोडलेला ऊसही श्वसन करतो, स्वतःचीच साखर खातो. कारखान्याच्या गव्हाणीत पडायला उशीर झाला की साखरेचा उतारा घसरतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

माती परीक्षणामुळे ‘सेंद्रिय कर्ब’ हा शब्दही आता बांधावर रुळलाय. सेंद्रिय म्हणजे स-इंद्रिय, सजीवातला. तोडणीनंतर शेतात उरलेलं पाचट पेटवलं तर त्यातला कर्ब तासाभरात हवेत जातो, बरंचसं नत्रही त्याच्यासोबत. खोडव्याच्या सरीत पाचट ठेवलं तर सूक्ष्मजीव ते महिनोन्‌महिने खातात. श्वसनातून कर्बवायू सुटतो, थोडा कर्ब मातीत मुरतो. पाचटात नत्र कमी, म्हणून सुरुवातीला हे जीव मातीतलं नत्र ओढून घेतात. त्यासाठीच पाचटावर युरिया टाकतात.