चंद्रावरचें हरवलेलें विवर

चंद्रबिंबावरील काळसर डागांत भारतीयांनीं कधीं ससा पाहिला, कधीं हरीण पाहिलें, आणि त्यावरून चंद्राला शशांक व मृगांक अशीं गोड नांवें दिलीं. इ. स. १६०९ सालीं गॅलिलिओनें आपली दुर्बीण चंद्राकडे वळविली, आणि त्या सशाच्या जागीं मैदानें, डोंगर व विवरें आहेत हें जगाला दाखविलें. पण दाखविणें निराळें आणि मोजणें निराळें. मोजण्याचें काम पुढें दोनशें वर्षांनंतरहि अपुरेंच होतें. तें तडीस नेलें तें कोणा राजाच्या वेधशाळेनें नव्हे, तर एका पेढीवाल्याच्या बंगल्यांतील लहानशा दुर्बिणीनें.

योहान हाइन्रिख मेडलर हा बर्लिनमधील एका शिंप्याचा मुलगा. तो एकोणीस वर्षांचा असतांना टायफसच्या सांथींत त्याचे आईबाप गेले आणि तीन धाकट्या बहिणींचा भार त्याच्यावर पडला. शिकवण्या करून तो पोट भरीत असे. त्याच निमित्तानें १८२४ सालीं त्याची विल्हेल्म बेर या धनाढ्य पेढीवाल्याशीं गांठ पडली. बेर हा प्रसिद्ध संगीतकार मायरबेर याचा भाऊ. त्याला आकाशाचा नाद होता. १८२९ सालीं त्यानें आपल्या राहत्या जागींच एक वेधशाळा उभारली. तींतील फ्राउनहोफरनें केलेल्या दुर्बिणीचें भिंग अवघें ९५ मिलिमीटरांचें होतें. आज एखादा हौशी विद्यार्थीहि तेवढी दुर्बीण अंगणांत मांडतो. पैसा बेरचा आणि डोळे मुख्यतः मेडलरचे, असा हा संसार सुरू झाला.

पौर्णिमेच्या चंद्राचें काव्यांत कितीहि कौतुक असो, अशा कामाला तो निरुपयोगी. त्या रात्रीं त्याच्यावर सावल्या जवळजवळ दिसतच नाहींत. डोंगर आणि मैदान एकाच झगमगाटांत बुडून जातात. खरी मौज अष्टमीच्या आसपास. उजेड व अंधार यांच्या सीमेवर तेव्हां सूर्य नुकताच उगवत असतो, आणि साधें टेकाडहि कोसकोस सावली टाकतें. त्या सावलीची लांबी सूक्ष्ममापकानें घ्यावी, सूर्य तेथें क्षितिजाच्या किती वर आहे तें गणितानें काढावें, कीं डोंगराची उंची हातीं येते. ही सीमा चंद्राच्या विषुववृत्तावर तासाला सुमारें १५ किलोमीटर, म्हणजे सायकलवाल्याच्या चालीनें, सरकते. म्हणून आतांची सावली घटकाभरानें तीच राहत नाहीं. मेडलरनें अशा सहाशेंवर रात्री काढल्या.

१८३४ ते १८३६ या काळांत नकाशाचे चार भाग निघाले आणि १८३७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत १४८ विवरांचे व्यास व ८३० डोंगरांच्या उंच्या दिल्या होत्या. चंद्रावर हवापाणी नाहीं आणि तेथें कांहीं बदलत नाहीं, असा त्याचा रोख होता. मग एक विचित्र गोष्ट घडली. काम इतकें चोख झालें होतें कीं, आतां चंद्राकडे पाहण्याची गरजच उरली नाहीं, असें बहुतेक ज्योतिर्विदांना वाटूं लागलें! उत्तम ग्रंथानें विषयच बंद पाडावा, असा प्रकार शास्त्रांत मधूनमधून होतो. जवळजवळ तीस वर्षें हा व्यासंग थंडावला.

अथेन्सच्या वेधशाळेचा प्रमुख युलिउस श्मिट मात्र चंद्र रेखाटीतच राहिला होता. ऑक्टोबर १८६६ मध्यें सेरेनिटाटिस नांवाच्या सागरांत त्याला लिनी हें विवर सांपडेना. (सागर हें नांव जुन्या गैरसमजाचें, तें थिजलेल्या लाव्हारसाचें मैदान आहे.) ड्रेस्डेनच्या लोरमान नांवाच्या भूमापकानें १८२४ च्या सुमारास तें सात-आठ किलोमीटर रुंद व ठळक असें वर्णिलें होतें, मेडलरच्या नकाशांतहि तें होतें. श्मिटला तेथें पांढुरका ठिपका तेवढा दिसला. विवर नाहींसें झालें, असें त्यानें जाहीर केलें. हें खरें असतें, तर निर्जीव म्हणून सोडून दिलेला चंद्र जिवंत ठरला असता आणि मेडलरचा आयुष्यभराचा निष्कर्ष खोटा.

कोपऱ्यांत पडलेल्या दुर्बिणी पुन्हां बाहेर आल्या. कोणाला ठिपका दिसे, कोणाला त्यांत सुईच्या टोकाएवढें छिद्र. सत्तरी ओलांडलेल्या मेडलरनें १८६७ सालीं बॉनच्या वेधशाळेंतून तें स्वतः पाहिलें. १८३१ सालीं जसें दिसलें होतें तसेंच तें आहे, सावलीहि तशीच आहे, असें त्यानें सांगितलें. वाद त्यानें मिटला नाहीं. चंद्राच्या अभ्यासासाठीं इंग्लंडांत १८७८ सालीं एक स्वतंत्र संस्थाच निघाली. परंतु तोंपर्यंत मेडलर वारला होता.

निकाल लागला तो अंतराळयानांच्या छायाचित्रांनीं. १९७१ सालीं अपोलो १५ नें आणि २००९ सालीं सोडलेल्या अमेरिकन यानानें लिनीचीं स्पष्ट चित्रें घेतलीं. तें विवर सुमारें सव्वादोन किलोमीटर रुंद, वाडग्यासारखें, धारदार काठाचें आहे. बुजल्याची वा कोसळल्याची खूण नाहीं. गंमत अशी कीं, ९५ मिलिमीटरांच्या भिंगाला चंद्रावर जी लहानांत लहान वस्तु वेगळी ओळखतां येते, तिची रुंदीहि जवळजवळ एवढीच. लिनी बेरच्या दुर्बिणीच्या शक्तीच्या अगदीं सीमेवर होतें. शिवाय आघातानें उडालेल्या ताज्या चुऱ्याचें पांढरें वलय त्याच्या भोंवतीं आहे; लोरमानच्या मापांत तें वलयहि शिरलें असावें. सूर्य वर चढला कीं तें वलय चकाकतें आणि विवर त्यांत विरून जातें.

आजहि शुद्ध सप्तमी-अष्टमीला त्या मैदानाच्या पश्चिम भागांत लिनी शोधतां येतें. हवा स्थिर असेल आणि भिंग पांच-सहा इंचांचें असेल, तर सूर्योदयाच्या सुमारास त्यांत एक काळा बिंदु दिसतो. दशमीला पाहिलें तर तेथें पांढरा ठिपका असतो.