जैविक खते : मावळातील भातशेती

जैविक खते (मावळातील भातशेती) : पिकाला अन्नद्रव्ये मिळवून देणाऱ्या उपयुक्त सूक्ष्मजीवांची संवर्धने. मावळातील लोणावळा परिसरात मुसळधार पावसामुळे खाचरांतील नत्र वाहून जाते. म्हणून येथे या खतांचे महत्त्व विशेष. साचलेल्या पाण्यात नॉस्टॉक, ॲनाबीना ही निळी-हिरवी शेवाळे हवेतील नत्र स्थिर करतात. ॲझोस्पिरिलम हा जिवाणू हेच काम मुळांशी करतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू मातीत अडकलेले स्फुरद मोकळे करतात. पेरणीपूर्वी १० किग्रॅ. बियाण्याला २५० ग्रॅ. जिवाणू संवर्धन चोळून ते सावलीत सुकवतात. जैविक खतांखेरीज समुद्रशेवाळाचा अर्क, ह्यूमिक आम्ल ही जैवउत्तेजकेही पिकाची अन्नग्रहणक्षमता वाढवतात. २०२१ मध्ये ती भारताच्या खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली.